कोकण किनाऱ्याचा नकाशा आणि खलाशाचे नाव



आपल्या रेल्वे स्टेशनावर गावाच्या नावाच्या मोठ्या पिवळ्या पाट्या आहेत. नावाच्या खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासून गावाची उंची लिहिलेली असते. गाडीची वाट पाहत उभे असताना आपण सर्वांनी ती ओळ शेकडो वेळा वाचली असेल. पण जेथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेघेत मोजला तरी पाचशे किलोमीटरांच्या घरात आहे, त्या गावाच्या पाटीवर समुद्राचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडला? आम्हांला तो फार उशिरा पडला. आणि एकदा पडल्यावर त्याने आमची पाठ सोडली नाही. त्याच्या मागे जाता जाता आम्ही कोकणच्या खडकाळ किनाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचलो. आज जे सांगावयाचे आहे ते त्या प्रवासात हाती लागलेले आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत झाले. तेव्हा पंडितांनी चुका दाखवाव्यात, आम्ही त्या आनंदाने स्वीकारू. मात्र एका बाबतीत आमचा थोडा अधिकार आहे असे आम्ही समजतो. तीस वर्षे ज्यांच्यात वावरलो ती माणसे खलाशी होती. हा शब्द समुद्रावरचा आहे हे सर्वांस ठाऊक आहे. पण आपल्या गावात, जेथे धड मोठी होडीही दृष्टीस पडत नाही, तेथे रेल्वेच्या खलाशांची घरेच्या घरे नांदली. मोजणी खात्यात साखळी ओढणारा आणि निशाण धरून उभा राहणारा माणूसही खलाशीच. जहाजावर, रुळांवर आणि मोजणीच्या माळावर एकच नाव! या तिन्ही खलाशांची गाठ जेथे पडली, ती जागा म्हणजे कोकण किनाऱ्याचा नकाशा होय.

प्रथम तो किनारा डोळ्यांपुढे आणू. मुंबईपासून गोव्यापर्यंत सह्याद्री समुद्राला समांतर उभा आहे आणि त्याचे फाटे थेट पाण्यात उतरले आहेत. दर काही कोसांवर खाडी, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, शेजारी काळ्या दगडाचे भूशिर. किनाऱ्यालगत बेटे आहेत : अलिबागेजवळ खांदेरी-उंदेरी, मुरुडपाशी जंजिरा व पद्मदुर्ग, हर्णैला सुवर्णदुर्ग, मालवणला सिंधुदुर्ग आणि त्याच्याही दक्षिणेला वेंगुर्ल्याचे खडक. दिसणाऱ्या खडकांची भीती नसते. भीती असते ती भरतीच्या वेळी पाण्याखाली दडणाऱ्यांची. त्यात जूनपासून चार महिने समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटायची सोय नाही. असा हा किनारा कागदावर उतरवणे म्हणजे सापाच्या अंगावरचे खवले मोजण्यासारखे काम होते.

कागदावर येण्यापूर्वी तो किनारा कोणाला ठाऊक नव्हता असे मात्र समजू नये. कोळ्यांना, भंडाऱ्यांना, गाबितांना, दालदींना तो पाठ होता. अमुक डोंगराचे शिखर तमुक देवळाच्या कळसाच्या रेघेत आले की होडी वळवावयाची. दोन खुणा एकमेकींवर आल्या की खाली खडक आहे असे समजावयाचे. तांडेलाच्या डोक्यात हा सारा हिशेब असे आणि तो बापाकडून मुलाला मिळे. पाण्याची खोली ते वावांत सांगत. दोन्ही हात पसरले म्हणजे एक वाव. इंग्रजांचे खोलीचे माप सहा फुटांचे आणि तेही मुळात पसरलेल्या हातांचेच. जगातल्या सर्व खलाशांनी समुद्र प्रथम आपल्या अंगाने मोजला, हे यावरून दिसते.

या किनाऱ्याचे पहिले बारकाईचे लेखी वर्णन, जे आज उपलब्ध आहे, ते जुआंव द कास्त्रू या पोर्तुगीज सरदाराचे. १५३८ च्या अखेरीस तो गोव्याहून दीवला जाणाऱ्या आरमाराबरोबर निघाला आणि वाटेतल्या बंदरांची, खाड्यांची, खडकांची टिपणे करीत गेला. खोली, भरती-ओहोटी, आत शिरण्याची वाट हे तर त्याने लिहिलेच, शिवाय बंदरांची चित्रेही काढली. वसईजवळ त्याचे होकायंत्र बिघडल्यासारखे वागू लागले. त्याने विचार केला आणि जवळच्या खडकातच सुईला ओढणारे काहीतरी आहे असे अनुमान काढले. दख्खनच्या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो हे आज आपण शाळेत शिकतो. त्या माणसाने ते होडीत बसून ताडले. पुढे तो गोव्यात पोर्तुगीजांचा सर्वोच्च अधिकारी झाला आणि १५४८ मध्ये तेथेच वारला. त्याची विद्या मोठी होती यात शंका नाही. परंतु तो ज्या आरमाराबरोबर निघाला ते लढाईचे आरमार होते, हेही विसरून चालणार नाही.

किनाऱ्याची माहिती हे शस्त्र आहे, ही गोष्ट आपल्याकडे ज्याने पुरती ओळखली तो शिवाजी महाराज. १६६४ मध्ये त्यांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्याच्या भोवती खडकांचे असे जाळे आहे की वाट ठाऊक नसणाऱ्याने तेथे जहाज घालू नये. १६७९ मध्ये त्यांच्या माणसांनी खांदेरी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा मोठ्या. मराठ्यांच्या होड्या लहान. पण मायनाक भंडाऱ्याच्या माणसांना उथळ पाण्याची वाट ठाऊक होती. रात्री काळोखात होड्या निसटत, दगड आणि दाणा बेटावर पोहोचवीत आणि परत येत. बेट महाराजांकडेच राहिले. तेथे जो नकाशा जिंकला, तो कागदावर नव्हता, वल्हे मारणाऱ्यांच्या डोक्यात होता.

पुढे पारडे फिरले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. त्यानंतर पाळी होती तुळाजी आंग्र्याच्या विजयदुर्गाची. हा किल्ला अभेद्य, त्याच्याजवळ जहाजाने जाऊ नये, अशी त्याची ख्याती होती. इंग्रजांनी आधी तोफा पाठवल्या नाहीत. आधी जेम्सला पाण्याची खोली पाहावयास पाठविले. त्याने तोफेच्या टप्प्यापर्यंत जाऊन पाहणी केली आणि मोठी जहाजे तटाजवळ नेता येतील इतके पाणी आहे असा अहवाल दिला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आपल्या इतिहासातले दुखरे पान आहे. आम्हांला येथे एवढेच सांगावयाचे आहे की तोफेच्या आधी शिसे पाण्यात पडले होते.

हे शिसे म्हणजे काय? लांब दोरीला बांधलेला शिशाचा जड गोळा. दोरीवर ठरावीक वावांवर चामड्याचे, कापडाचे तुकडे बांधलेले असतात, म्हणजे काळोखातही हाताने चाचपून माप कळावे. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो आणि त्यात चरबी भरतात. तळ वाळूचा असेल तर चरबीला वाळू चिकटते, चिखल असेल तर चिखल. काहीच चिकटले नाही तर खाली खडक. खलाशी होडीच्या कडेला उभा राहून शिसे फेकतो, दोरी तळाला टेकली की माप ओरडून सांगतो, दोरी ओढून घेतो आणि पुन्हा फेकतो. दिवसभर, उन्हात, महिनोन्‌महिने. सागरी नकाशावर जे बारीक बारीक आकडे विखुरलेले दिसतात, त्यांतल्या जुन्या नकाशांवरचा प्रत्येक आकडा म्हणजे कोणा एका खलाशाच्या हाताची एक फेक आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराला ‘बॉम्बे मरीन’ म्हणत. त्यातल्या जॉन मॅकक्लूर या अधिकाऱ्याने १७८७ नंतरच्या काही वर्षांत पश्चिम किनाऱ्याची पद्धतशीर पाहणी केली आणि त्याचे नकाशे लंडनला छापले गेले. खडक सापडले, खोल्या लागल्या. पण एक मोठी उणीव राहिली. जहाजावरून खडक किनाऱ्यापासून किती लांब हे सांगता येते. पण तो किनाराच पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठे आहे, हे जहाजावरून नीट ठरत नव्हते. चूक केवढी असे, याचे एक उदाहरण देतो. दक्षिणेत मद्रासपासून मंगळूरपर्यंतची रुंदी जुन्या नकाशांत चारशे मैल धरलेली होती. विल्यम लॅम्बटनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती मोजली तेव्हा ती तीनशे साठ मैलच भरली. चाळीस मैल जमीन केवळ कागदावर होती! म्हणजे किनारा नीट मांडावयाचा तर आधी आतला मुलूख मोजला पाहिजे. समुद्राचा प्रश्न जमिनीवर सुटावयाचा होता, आणि येथेच ही कथा आपल्या दाराशी येते.

लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ काम सुरू केले. पद्धत सांगावयास सोपी आहे. सपाट माळावर एक सरळ रेघ साखळीने अत्यंत काळजीने मोजावयाची. मद्रासची साडेसात मैलांची रेघ मोजावयास सत्तावन्न दिवस लागले. रेघेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन मोजावयाचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. अशी त्रिकोणांची माळ मुलूखभर ओवीत जावयाचे, आणि मधूनमधून नवी रेघ मोजून हिशेब पडताळावयाचा. कोन मोजण्याचे यंत्र अर्धा टन वजनाचे होते. ते माणसांनी डोंगरावर चढवले आणि उतरवले.

पडताळणीची अशी एक रेघ १८१५ मध्ये बीदरजवळ दमरगिद्द्याच्या माळावर मोजली गेली. येथून शे-सव्वाशे किलोमीटरांवर! तेथून मुख्य माळ उत्तरेला वऱ्हाडाकडे सरकली, ती ७८ अंश रेखांशाच्या आसपास. मुदखेड साडेसत्त्याहत्तर अंशांवर आहे, म्हणजे ती आपल्या अंगणावरूनच गेली म्हणा ना! सत्तरीच्या घरातला लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत याच कामावर असताना हिंगणघाटला वारला. दुसरी माळ त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने १८२२ मध्ये बीदरच्या रेघेपासून पश्चिमेला, मुंबईच्या दिशेने काढली. बीदर आणि मुंबई यांच्यामध्ये आपले लातूर आणि धाराशिव येतात, पुढे भीमेचे खोरे, मग सह्याद्री. काम मधेच थांबले, पुन्हा सुरू झाले, काही भाग पुन्हा मोजावा लागला. पण अखेर ती माळ समुद्राला भिडली. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे, गोव्याच्या बाजूला, तिसरी माळ उतरली.

आता कोकणातले डोंगरमाथे, किल्ल्यांचे बुरूज, देवळांचे कळस यांच्या जागा पक्क्या झाल्या. होडीतला अधिकारी किनाऱ्यावरच्या तीन माहीत असलेल्या खुणांमधले कोन मोजून आपली जागा ठरवू लागला आणि त्याच क्षणी खलाशी शिसे टाकून खोली सांगू लागला. जमिनीची माळ आणि समुद्राची दोरी यांची गाठ पडली. पूर्वी तांडेल दोन खुणा एका रेघेत आणून जे करी, तेच हे. फक्त आता ते कागदावर आले आणि ज्याच्या हाती कागद, त्याच्या मालकीचे झाले. म्हणून आम्ही म्हणतो की वेंगुर्ल्याच्या खडकाची जागा ठरविणाऱ्या साखळीची एक कडी आपल्या शेजारच्या माळावर घडली आहे. मराठवाड्याचा आणि समुद्राचा संबंध नाही, असे कोणी म्हटले तर त्याला हे सांगावे.

मात्र नकाशाच्या कोपऱ्यात नाव कोणाचे असे? अधिकाऱ्याचे. ते असू नये असे आमचे म्हणणे नाही. तंबूत मेलेल्या लॅम्बटनचे नाव अवश्य असावे. पण साखळी ओढणारे, झाडे तोडून दृष्टीला वाट करून देणारे, रात्री डोंगरावर दिवा धरून उभे राहणारे, शिसे फेकणारे, हे कोठे गेले? १८१९ मध्ये एव्हरेस्टची तुकडी कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात होती. निजामाकडून दिलेले संरक्षक शिपाई हैदराबादला परत निघाले, तेव्हा एव्हरेस्टने फटक्यांची शिक्षा देऊन त्यांना वळणावर आणले. नंतर पावसाळी तापाने दीडशेच्या घरातली ती सारी तुकडी अंथरुणाला खिळली आणि कित्येकजण दगावले. एव्हरेस्ट वाचला आणि हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेला. जगातल्या सर्वांत उंच शिखराला पुढे त्याचे नाव मिळाले. जे दगावले त्यांच्या नावाची एखादी टेकडीही नाही.

एक नाव मात्र येथे आदराने घेतले पाहिजे : राधानाथ सिकदार. हा बंगाली गणिती मोजणी खात्यात संगणनाचे काम करी. हिमालयाचे पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच आहे, या निष्कर्षाशी त्याचे नाव जोडलेले आहे. पण आम्हांला तो दुसऱ्याच कारणाने जवळचा वाटतो. १८४३ मध्ये देहरादून येथे व्हान्सिटार्ट नावाच्या मॅजिस्ट्रेटने मोजणी खात्याच्या मजुरांना वेठीला धरून आपले सामान वाहावयास लावले. राधानाथने ते सामान अडवून ठेवले. खटला झाला, त्याला दोनशे रुपये दंड झाला. पण तो हटला नाही, आणि कलकत्त्याच्या वृत्तपत्रात त्या प्रकरणाचा गवगवा झाला. वेठबिगार म्हणजे काय हे निजामी अमलातल्या आपल्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्या देशात कामगारांची संघटना हा शब्दही रूढ नव्हता, त्या काळी एका गणितज्ञाने खलाशांसाठी दंड भरला! पुढे मोजणीच्या ज्या ग्रंथाच्या १८५१ च्या आवृत्तीत त्याच्या कामाचा उल्लेख होता, त्याच्या १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला. तोपर्यंत राधानाथ हयात नव्हता.

नाव गाळले गेल्याने काय होते, असे कोणी विचारील. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. अनेक वर्षांपूर्वी एका कामावर काही हंगामी मजूर होते. ऊन-पावसात त्यांनी दहा-दहा वर्षे काढली. कायम होण्याची वेळ आली तेव्हा हजेरीची जुनी पुस्तके सापडेनात. किती दिवस काम केले याचा लेखी पुरावा आणा, असे त्यांना सांगण्यात आले. ज्यांच्या हातांनी काम उभे राहिले, त्यांना ते हात आपलेच आहेत हे सिद्ध करता येईना. आम्ही त्यांच्यासाठी खेपा घातल्या. काहींचे झाले, काहींचे झाले नाही, आणि एकजण वाट पाहता पाहता गेला. त्याची म्हातारी आम्हांला म्हणाली, “दादा, त्यांनी रोज अंगठा केला होता हो, मग तो गेला कुठं?” या प्रश्नाला आमच्यापाशी आजही उत्तर नाही. कागदावरचे नाव ही मोठ्यांच्या बाबतीत कीर्ती असते. गरिबाच्या बाबतीत ती भाकरी असते.

असो. पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. कंपनीचे मुंबईचे आरमार पुढे ‘इंडियन नेव्ही’ झाले आणि १८६३ मध्ये बंद पडले. त्याबरोबर सागरी पाहणीही मंदावली. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह उभे राहिले. जेथून मायनाक भंडाऱ्याच्या होड्या काळोखाच्या आधाराने जात, तेथे आता रात्री उजेड झाला. १८७४ मध्ये कलकत्त्यास सागरी पाहणीचे स्वतंत्र खाते निघाले आणि १८८१ मध्ये त्याच्यासाठी ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचे जहाज मुंबईच्या गोदीत बांधले गेले. तेही आपल्याच कारागिरांच्या हातांनी. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये या खात्याचे कार्यालय देहरादूनला गेले. आज शिशाच्या जागी आवाजाचा प्रतिध्वनी खोली सांगतो आणि खुणांच्या जागी आकाशातले उपग्रह. खलाशाचे ओरडणे थांबले.

आता आपल्या स्टेशनावरच्या पाटीकडे परत येऊ. १८७८ मध्ये मुंबईला अपोलो बंदरावर भरती-ओहोटी नोंदविणारे यंत्र बसविण्यात आले. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर अशी ठाणी झाली. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरली आणि त्या पातळीपासून उंची मोजत, एकेक पट्टी पुढे सरकवीत, मोजणीदार आणि त्यांचे खलाशी देशाच्या आत शिरले. १९०९ मध्ये नऊ बंदरांच्या पातळीवर आधारलेला साऱ्या देशाचा हिशेब जुळविण्यात आला. त्या मोजणीचा धागा समुद्रापासून निघून रुळांच्या, रस्त्यांच्या कडेने आपल्यापर्यंत आला. पाटीवरचा आकडा हे त्याचे आपल्याकडचे टोक होय.

म्हणजे व्यवहार सरळ झाला. आपल्या माळाने समुद्राला त्याच्या खडकांची जागा दिली आणि समुद्राने आपल्या गावाला त्याची उंची दिली. दोन्ही वेळा हे माप खलाशाच्या खांद्यावरून आले आणि दोन्ही वेळा त्याने स्वतःसाठी नावदेखील मागितले नाही. त्याने मागितले नाही म्हणून आपण देऊ नये, असा मात्र न्याय नाही.

मेलेल्यांची नावे आता सापडणार नाहीत. पण जे आज कामावर आहेत, रुळांवर, रस्त्यांवर, मोजणीच्या पट्टीपाशी, त्यांची हजेरी नीट लिहिली जाते की नाही, एवढे पाहणे आपल्या हातात आहे. उद्या सकाळी गाडीला जाल तेव्हा पाटीखालची ती बारीक ओळ पुन्हा एकदा वाचा, आणि शेजारून हातोडा घेऊन कोणी जात असेल तर त्याला त्याचे नाव विचारा. आमचे व्याख्यान एवढ्यासाठीच होते.